मुरबाडचे मुके गियर

आटगाव स्थानकावर उतरले तेव्हा शेजारच्या रुळावर एक मालगाडी सिग्नलसाठी थांबली होती. इंजिन वळणापलीकडे होते, दिसत नव्हते. सिग्नल मिळाल्याचे आधी कानांना कळले. लांबून एक खण्ण असा आवाज आला, मग त्याच्या अलीकडून दुसरा, मग तिसरा. एकेका वाघिणीला (मालगाडीच्या डब्याला) ओढ बसत गेली आणि तो आवाज माझ्यासमोरून सरकत गाडीच्या टोकापर्यंत गेला. पुढच्या वाघिणी चालू लागल्या होत्या, शेवटचा डबा मात्र अजून जागेवर होता.

मी त्याच आवाजासाठी आले होते. दोन वाघिणींच्या जोडामागे, वाघिणीच्या पोटात, ड्राफ्ट गियर नावाची लोखंडी पेटी बसवलेली असते. तिच्यात स्प्रिंगा, पाचरा आणि पोलादी प्लेटा असतात. हिसका बसला की पाचर प्लेटांच्या मध्ये घुसते, प्लेट प्लेटेवर घासते आणि धक्क्यातला बराचसा जोर तिथेच उष्णता होऊन जिरतो. नुसती स्प्रिंग असती तर तिने घेतलेला धक्का तसाच परत दिला असता. घर्षण तो गिळते. परभणीहून निघताना मला एवढेच ठाऊक होते. बाकीचे सांगायला आटगावात काशिनाथकाका होते. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात काढली होती.

स्थानकाबाहेर ते जुन्या मारुती व्हॅनला टेकून उभे होते. "जय भीम. तुमीच का पेपरवाल्या?" असे विचारताना त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही, खांद्यांसकट सगळे अंग वळवले. व्हॅनला नेहमीच्या आरशांखेरीज आणखी दोन आरसे लावलेले होते. ते कशासाठी, हे मी तेव्हा विचारले नाही.

घर तानशाच्या रस्त्याला, गावाबाहेर. दसरा होऊन गेला होता आणि भात कापणीला आले होते. दोन्ही बाजूंच्या खाचरांत (बांध घातलेल्या भातशेतांत) पिवळ्या लोंब्या वाकलेल्या होत्या. काही शेतांत कापलेले भात वाळायला आडवे पसरले होते. आपल्याकडे परभणीत या दिवसांत सोयाबीनची गडबड असते. इथे बोलण्यात एकच विषय होता, कापणीला माणसे कुठून आणायची. हवा दमट होती आणि ऊन टोचत होते.

घरात काका एकटेच राहतात. मुलगी वनिता मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि आठवडाभर तिथेच खोली घेऊन असते. काकांनी स्वतः नाचणीच्या भाकरी थापल्या. सोबत कांदा घालून परतलेली सुकट (वाळवलेली बारीक मासळी) आणि भात. जेवताना त्यांनी गार्डाच्या डब्याविषयी सांगितले.

"गार्डाचा डबा मंजे गाडीची शेपटी. इंजिनवाला पुढं शिंकला का आमी मागं पडायचो."

"मग बसायचे कसे?"

"धरून. बसायचं धरून, लिवायचं धरून, जेवायचं धरून. नवीन पोरं यायची, पयल्या दिशी भात सांडायची. आमी हसायचो. मी तर सांगायचो, डबा आनू नको, पिशवी आन."

ते हसले. मग हात मानेमागे नेला. घाट चढून वर गेल्यावर एकदा गाडी थांबली होती. काका उभे राहून चहा गाळत होते. गाडी पुन्हा निघाली तेव्हा हिसका असा आला की ते उचलले गेले आणि दाराच्या लोखंडी चौकटीवर मान आपटली.

"मागनं बघितलं तर मधल्या एका वाघिणीचं गियर मेलेलं. प्लेटा घासून घासून गुळगुळीत. कोनी पुशीत नाय त्याला. दिसतच नाय ते, आत असतं."

मान तेव्हापासून वळत नाही. आणि मुलीला काम मिळाले ते नेमके गियरच्या कारखान्यात.

"म्हणजे ती गियर बनवते?"

"बनवत नाय. मेलेलं जित्तं करते," काका म्हणाले. एवढे एकच वाक्य त्यांनी जेवता जेवता थांबून, ताट सोडून उच्चारले.

सकाळी आम्ही व्हॅनने निघालो. शहापूरच्या बाजारातून जाताना ज्यादा आरशांचा उपयोग कळला. तरीही ते पुरत नव्हते. चौक आला की काका समोर बघत विचारत, "डावीकडं?" आणि शेजारी बसलेल्याने उत्तर द्यायचे. शेणव्याच्या नाक्यावर मी "काही नाही" म्हणाले आणि त्याच क्षणी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई पुढे आली. काकांनी करकचून ब्रेक लावला. बाईने भाऱ्याखालून आमच्याकडे पाहिले आणि काय बोलायचे ते बोलली.

"काय नाय मंजे नुसत्या गाड्या नाय, असं नसतं," काका शांतपणे म्हणाले. "मानसंबी बघायची."

त्यानंतर किन्हवली, सरळगाव ते मुरबाडपर्यंत माझी नजर रस्त्यावरून हलली नाही. काळू नदीवरून गेलो एवढे आठवते, नदी पाहिल्याचे आठवत नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. वेगवेगळ्या डेपोंतून उतरवलेले जुने गियर इथे येतात. ते उघडायचे, झिजलेले भाग टाकायचे, नव्या प्लेटा आणि पाचरा घालून पुन्हा जोडायचे. दसऱ्याच्या खुणा सगळीकडे होत्या. लेथवर सुकलेली झेंडूची माळ, ग्राइंडरवर हळदकुंकवाची बोटे, कपाटावर आपट्याची पाने. काका फाटकापाशी पहारेकऱ्याबरोबर चहाला थांबले. वनिता आत जोडणीच्या टेबलावर होती. ती या विभागाची प्रमुख. नवरात्र संपता संपता रजा घेऊन ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली होती. दरवर्षी जाते.

"या. बाबांनी भाकरी घातली का? का उपाशीच गोष्टी सांगितल्या?"

शेजारच्या घासकामाच्या टेबलावरून एक वयस्क बाई ओरडल्या. मंदामावशी. मुरबाडजवळच्याच एका गावच्या. घरची भातशेती, आणि वर्षानुवर्षे या शेडमध्ये.

"पाव्हनीला सांग गो, नागपूरला जाऊन आली न् आमाला एक संत्रं नाय आनलं."

"आता कुठली संत्री, मावशे. पुस्तकं आणलीत."

"घे. मी काय पुस्तकं सोलून खाऊ?"

सगळी शेड हसली. वनिताने एक गियर दाखवायला काढले. नागपूरहून आल्यावर तिने जोडलेल्यांपैकी ते होते. बाकीचे सगळे त्याच सकाळी टेम्पोने गेले होते, कसाऱ्याचा घाट ओलांडून पलीकडच्या वाघीण-दुरुस्तीच्या डेपोला. हे एक झाकणाला ओरखडा पडल्यामुळे मागे राहिले होते.

"आता आवाज ऐका," ती म्हणाली. "पहिल्यांदा ऐकणारे कानात बोटं घालतात."

चेन-ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) उचलून तिने ते प्रेसखाली ठेवले आणि दाब दिला. पेटीच्या तोंडातली पाचर आत जाऊ लागली. मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होते. पाचर आत गेली. वनिताने दाब सोडला. पाचर टुणकन बाहेर आली.

आवाज झाला नव्हता.

तिने पुन्हा दाबले. पुन्हा पाचर गुपचूप आत गेली आणि उसळून परत आली. काट्यावरचा आकडा तिने पाहिला, तो मला कळला नाही. तिचा चेहरा कळला.

"करकरलं नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने गियर खाली घेतले, उघडले आणि एक प्लेट बाहेर काढली. प्लेट स्वच्छ होती. तिने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा नाकाशी नेला. मग तोच अंगठा माझ्यापुढे धरला. गोडेतेलाचा वास होता.

घर्षणाच्या प्लेटांचा पहिला नियम म्हणजे त्या कोरड्या हव्यात. कारखान्यात येताना त्यांना गंज लागू नये म्हणून तेलकट लेप असतो. तो रॉकेलने धुऊन, पुसून, मगच जोडायच्या. वनिताने या प्लेटा रजेवर जाण्याआधी स्वतः धुऊन टेबलावर रचून ठेवल्या होत्या. म्हणूनच परत आल्यावर पुन्हा धुतल्या नव्हत्या. टेबलाच्या कडेला हळदकुंकू दिसले, ते तिने फडक्याने टिपून घेतले होते आणि कामाला लागली होती.

"मावशे," तिने हाक मारली. आवाज चढवला नव्हता. "खंडेनवमीला माझ्या टेबलावर काय केलंस?"

"पूजा केली. तू नव्हतीस ना. साऱ्यांच्या टेबलाला फुलं न् तुजंच उगडं कसं ठेवायचं?"

"प्लेटांना हात लावलास?"

"हात कसला, एकेक पुसली. तेलाचा हात फिरवला, मग कोरड्या फडक्यानं टिपली. सनाला लोखंड कोरडं ठेवू नये. आमच्या घरी नांगराच्या फाळाला, इळ्याला, कोयत्याला समद्यांना तेल लावतात."

मंदामावशींनी आधी वनिताकडे आणि मग उघड्या गियरकडे पाहिले. "का गो? काय झालं?"

वनिता फोन लावत होती. टेम्पोचालक नितेशचा फोन वाजत होता, तो उचलत नव्हता. डेपोचा फोनही नुसताच वाजत राहिला. मालक पुण्याला गेले होते. त्यांचा नंबर तिने काढला, पाहिला आणि न लावता खिशात टाकला.

"आधी टेम्पो," ती मला म्हणाली. "डेपोत उतरला की संपलं. तिथं आमच्याच जुन्या मालाचा ढीग आहे. बाहेरून सगळे सारखे. वर शिक्का फक्त महिन्याचा, नवरात्राआधीचे न् नंतरचे एकच. एकदा मिसळले की कुठलं तेलाचं न् कुठलं कोरडं, मलाही सांगता येणार नाही. आणि तिकडं वाघिणी उभ्या आहेत, आले की बसवतायत."

"तपासणीत सापडणार नाही का?"

"नमुना तपासून झाला. तो रजेच्या आधी जोडलेला होता. पास झाला."

फाटकापाशी काका चहाचा शेवटचा घोट घेत होते. वनिता म्हणाली, "बाबा, गाडी काढा." त्यांनी तिच्याकडे अंगासकट वळून पाहिले, काही न विचारता पेला ठेवला आणि व्हॅन सुरू केली. वनिता पुढे बसली, मी मागे.

आम्ही सरळगावच्या फाट्याकडे निघालो. वनिता वडिलांची मान झाली होती. तिचे डोके सतत डावी-उजवीकडे फिरत होते आणि मधूनमधून ती फोन लावत होती.

"डावीकडं?"

"मोकळं."

"उजवीकडं?"

"ट्रॅक्टर. जाऊ द्या. हां, आता चला." आणि मग त्याच सुरात, "बाबा, प्लेटांना तेल लागलंय."

"कंच्या?"

"माझ्या. नागपूरहून आल्यावर जोडल्या त्या सगळ्या. टेम्पोत आहेत."

काकांचे हात चाकावर होते तसेच राहिले. मागच्या आसनावरून मला त्यांची न वळणारी मान दिसत होती, कॉलरच्या वरपर्यंत ताठ. पुढे एक वळण गेले, दुसरे गेले.

"डावीकडं?" ते म्हणाले.

"मोकळं," वनिता म्हणाली. तिने पुन्हा नितेशचा नंबर लावला.

किन्हवली, शेणवा, शहापूर. सकाळचाच रस्ता उलट्या दिशेने, पण या वेळी व्हॅनमध्ये कुणाचे लक्ष शेतांकडे नव्हते. लक्ष होते ते पुढे दिसणाऱ्या प्रत्येक टेम्पोच्या मागच्या फळीकडे. महामार्गाला लागल्यावर नितेशच्यासारखाच निळ्या ताडपत्रीचा एक टेम्पो दिसला. वनिता पुढे झुकली. काकांनी जुन्या व्हॅनला झेपेल तेवढा वेग दिला. जवळ गेल्यावर त्यात कोंबड्यांचे पिंजरे निघाले. आटगाव मागे पडले, खर्डी मागे पडली. इंजिनातून जळका वास येऊ लागला आणि खर्डीच्या पुढे थांबून पाणी घालावे लागले. वनिता रस्त्यावर उभी राहून येणारी-जाणारी वाहने पाहत होती. काकांनी बाटली रिकामी केली, झाकण लावले, म्हणाले, "बस."

घाटाच्या पायथ्याशी, कसाऱ्याच्या अलीकडे एक ढाबा आहे. नितेश वर चढण्याआधी तिथे जेवतो, हे वनिताला माहीत होते. ढाबेवाला गल्ल्यावरून उठला.

"नितेश? आज नाय आला."

"नक्की? निळ्या ताडपत्रीचा छोटा टेम्पो."

"ताई, तो आला का आधी भजी मागतो, मग गाडी बंद करतो. आला असता तर मला कळलं असतं."

म्हणजे तो न थांबता वर गेला असणार. आता डेपो गाठण्याखेरीज उपाय नव्हता. पण व्हॅन घाट चढण्याच्या स्थितीत नव्हती, बॉनेटमधून वाफ येत होती. ती निवेपर्यंत थांबणे भाग होते. ढाबेवाल्याने न मागता चहा आणून ठेवला. तो तसाच निवत गेला.

ढाब्यामागच्या उंचवट्यावरून रूळ दिसत होते. आम्ही उभे असताना एक मालगाडी घाटाला लागली. पुढे इंजिने होतीच, आणि चढासाठी मागेही लावलेली होती. काकांनी त्या बाजूला पूर्ण अंग वळवले.

"पुढनं वढतात, मागनं ढकलतात," ते मला म्हणाले. "मधल्या वाघिणी एकदा दाबल्या जातात, एकदा तानतात. ऐका."

गाडीच्या पोटातून करकर येत होती. कोरड्या लोखंडाची, कानाला नको वाटणारी. ती एका वाघिणीवरून दुसरीवर जात होती. शेवटी, मागच्या इंजिनांच्या पुढे, गार्डाचा डबा. दारात एक तरुण उभा होता, एक हात दांडीवर. त्याने आमच्याकडे पाहून दुसरा हात वर केला. काकांनीही केला. वनिताने केला नाही. ती त्या डब्याकडे, तो झाडांआड जाईपर्यंत, बघत राहिली.

"असा आवाज येतोय म्हणून तो उभा हाय," काका म्हणाले. हे ते वनिताला सांगत होते की मला, ते कळले नाही.

तेवढ्यात फोन वाजला. नितेश.

"ताई, एवढे मिसकॉल? कोन मेलं का काय?"

"तू कुठंयस?"

"शेतात."

"कुठल्या शेतात?"

"आमच्या. शेणव्याला. फोन बांधावर ठेवला व्हता. अगो, आमच्या आळीची सावड हाय ना. काल आमी त्यांचं कापलं, आज ती आमचं कापतायत. घरचा मानूस नसला तर उद्या कोन येनार?"

सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणे. मजुरी नाही, परतफेड कामाचीच. ज्याच्या शेतात कापणी, त्याने हजर असलेच पाहिजे.

"आणि टेम्पो?"

"हाय ना, आंब्याखाली. दुपारनं निगतो. लोखंड हाय, ते काय नासतंय?"

वनिता खाली बसली. हसत होती की रडत, हे तिलाही सांगता आले नसते. ढाबेवाल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. काकांनी खिशातून रुमाल काढून तिच्याकडे न बघता धरला. त्यांना मान वळवून बघताही आले नसते.

शेणव्याला आम्ही येता-जाता ज्या वळणावरून दोनदा गेलो होतो, त्याच्या आतच टेम्पो उभा होता. रस्त्यावरून दिसला नसता. ताडपत्रीवर भाताचे भारे रचलेले, फळीला कुणाचे तरी लुगडे वाळत घातलेले. नितेश हातात विळा घेऊन धावत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत पेंढ्याचे तुकडे.

"ताई, मालकांना सांगू नको मी थांबलो व्हतो ते."

"तू थांबलास म्हणून वाचले मी. माल मोज आधी."

मोजले. सगळे होते. कापणीच्या बायकांनी आम्हाला न जेवता सोडले नाही. आंब्याखाली बसून भात, चवळीचे कालवण आणि मिठाची मिरची खाल्ली. एक म्हातारी वनिताला म्हणाली, "सकाळपासून उपाशी दिसतेस गो, नवऱ्याशी भांडलीस का?" वनिता म्हणाली, "नवरा असता तर त्याला पाठवला असता टेम्पो शोधायला." तिने दुसऱ्यांदा भात घेतला. त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आले की तानसा-शेणव्याकडच्या डोंगरांवर अजून हिरवे आहे आणि खालची शेते पिवळी होत चालली आहेत. हे प्रवासवर्णन मी इथेच संपवू शकले असते.

संध्याकाळच्या आत गियर मुरबाडला परतले. एकेक उघडून प्लेटा रॉकेलच्या टबात पडू लागल्या. मंदामावशी वनिताच्या शेजारी बसल्या आणि स्वतःहून प्लेटा घासू लागल्या.

"मी काय वंगाळ मनात धरून नाय केलं गो."

"माहीत आहे मावशे. तू का रडतेस? हात माझे होते. धुतल्याशिवाय जोडायचं नाही, हे तुला नाही, मला शिकवलंय."

"तुजं टेबल सुनं दिसतं म्हनून करते. दरसाल करते. गेल्या साली बी केली व्हती."

रॉकेलच्या टबात वनिताचा हात थांबला.

"गेल्या साली?"

"तवाबी तू नागपूरला. आल्यावर म्हनालीस ना, मावशे, हळद कोनी सांडली? मी हसले व्हते."

वनिता उठली. फडक्याला हात पुसत ती टेबलापाशी गेली, परत आली. गेल्या वर्षी नागपूरहून आल्यावर प्लेटा धुतल्या होत्या की नव्हत्या, ती आठवू लागली. त्या वेळी टेबलावर किती होत्या, पाऊस होता का, शेजारी कोण होते, सगळे मोठ्याने बोलत. हळद आठवली. मावशींचे हसणे आठवले. धुणे आठवेना. धुतले नव्हते हेही आठवेना.

ते गियर केव्हाच वाघिणींना लागले होते. वर्षभर ते देशात कुठे कुठे धावत होते, हे शेडमधल्या कुणालाही ठाऊक नव्हते.

"एवढ्यात तेल जळून बी गेलं असंल," नितेश दारातून म्हणाला. "न् कोनाला कळनार हाय ताई? तुमीच म्हनता, आठवत नाय."

वनिताने वडिलांकडे पाहिले. काका शेडच्या दाराशी स्टुलावर बसले होते.

"बाबा, जळलं असेल?"

"असंल," ते म्हणाले. मग मानेमागे हात नेत म्हणाले, "नसंल बी."

वनिताने मालकांचा नंबर काढला आणि ती फोन घेऊन शेडबाहेर गेली. पत्र्याच्या भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. आत सगळ्यांचे हात प्लेटांवर होते आणि कुणीच घासत नव्हते. ती परत आली तेव्हा मंदामावशींनी विचारले, "काय म्हनाले?"

"उद्यापासून येऊ नको म्हणाले."

मावशींनी पदर तोंडाला लावला. फोन पुन्हा वाजला. वनिताने दारातच उभे राहून ऐकला. या वेळी ती फक्त "हो" म्हणत होती.

"ये म्हणाले," तिने फोन ठेवून सांगितले. "गेल्या वर्षीच्या त्या महिन्याचा शिक्का कुठल्या कुठल्या डेपोत गेला, ते शोधायचंय. डेपोवाल्यांना मीच सांगायचं, काय झालं ते. माझ्या तोंडानं. ते झाल्यावर पुढचं बघू म्हणाले."

काका उठले. तिच्याजवळ गेले. त्यांनी टबाजवळचे फडके उचलले, पाट सरकवून बसले आणि एक प्लेट पुसायला घेतली. पुसून झाल्यावर त्यांनी ती गालाशी नेली, कोरडी आहे का पाहायला. त्या संध्याकाळी पहिले गियर पुन्हा जोडून प्रेसखाली गेले तेव्हा ते असे करकरले की मला खरोखर कानांत बोटे घालावी लागली. शेडमध्ये मात्र कुणी कान झाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी परतीची गाडी धरली. काका आटगावला सोडायला आले होते. वनिता आली नव्हती, ती डेपोंना फोन करत होती.

परभणीला येऊन काही आठवडे झाल्यावर मी तिला फोन केला. नोकरी अजून आहे, म्हणाली, उद्याचे माहीत नाही. काही डेपोंनी त्या महिन्याचे गियर काढून परत पाठवले होते. उघडलेल्यांतल्या काही प्लेटा ठीक होत्या. काही काळपट निळ्या झाल्या होत्या. ते जळलेले तेल की नेहमीची उष्णता, यावर दोन जाणकारांची दोन मते पडली होती.

"सगळे सापडले का?" मी विचारले.

"सापडतायत," ती म्हणाली. "सगळे नाही."

प्रवासाला निघालेला माणूस घरी पोहोचला की प्रवास संपला असे आपण धरतो, आणि मीही हे लेखन तिथेच थांबवणार होते. पण उरलेल्या त्या वाघिणी कोळसा, सिमेंट, धान्य घेऊन या क्षणी कुठल्या तरी रुळावर आहेत. प्रत्येकीच्या मागे, गाडीच्या टोकाला, कुणीतरी बसलेले आहे. त्यांतली घरी पोहोचलेली माणसे किती, आणि अजून वाटेत किती, हे मला लिहिता येत नाही. वनिताला हवा आहे तो तेवढाच आकडा.